चढाई चालू असताना राष्ट्रगीत लागलं: एका कबड्डी स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं एक गाव, देवगड आणि मालवणच्या मधलं कुठलंही समजा. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, माणसांचीही देणार नाही. गावात दोन मंडळं, एक ग्रामीण आणि एक मुंबईचं, सगळ्याच गावांत असतात तशी. मे महिन्यात चाकरमानी आले की हायस्कूलच्या मागच्या मैदानावर कबड्डी होते, २४ संघ, बाद पद्धत, दोन रात्री. दिवसा त्या उन्हात कोण खेळणार, म्हणून पाच-साडेपाचला सुरुवात करायची आणि अंधार पडला की हॅलोजनवर पुढे. मातीची दोन मैदानं शेजारी शेजारी आखलेली असतात कारण एकाच मैदानावर २३ सामने काढायचे म्हटले तर सकाळची पहिली एसटी येईल. मी तिथे गुणलेखकाच्या टेबलावर असतो त्यामुळे जे झालं ते बरंचसं समोरूनच बघितलंय, बाकीचं कमिटीच्या मीटिंगांमध्ये ऐकलेलं.

उद्घाटनाची पद्धत ठरलेली होती. आधी मानकरी मध्यरेषेवर श्रीफळ ठेवून गाऱ्हाणं घालणार, प्रत्येक वाक्याला अख्खं मैदान 'व्हय म्हाराजा' म्हणणार, मग हायस्कूलच्या मुली पेटीवर राष्ट्रगीत म्हणणार, नारळ वाढवला की पहिली चढाई. राष्ट्रगीत एकदाच. त्यानंतर दोन रात्री त्याचा विषय निघत नव्हता आणि कुणाला काही कमी पडल्यासारखंही वाटत नव्हतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये तरुण पोरांनी सुचवलं की टीव्हीवर कबड्डीच्या लीगमध्ये पाहुणा येऊन राष्ट्रगीत म्हणतो, क्रिकेटच्या वर्ल्ड कपमध्ये प्रत्येक मॅचला दोन्ही देशांचं होतं, तर आपण पण प्रत्येक सामन्याआधी लावूया, स्पर्धेला वजन येतं, लाइव्हला पण छान दिसतं. हेतू चांगलाच होता. राष्ट्रगीताला नको कोण म्हणणार, त्यामुळे ठराव एका मिनिटात पास. आणि मला वाटतं पुढच्या सगळ्याचं मूळ तिथेच आहे, ज्या गोष्टीला नाही म्हणायला माणसं कचरतात तिच्यावर चर्चाच होत नाही. कुठल्या मैदानासाठी लावायचं, त्या वेळी दुसऱ्या मैदानावर काय चालू असेल, बटण कोण दाबणार, यातलं एकही कुणी विचारलं नाही.

आता साऊंडची व्यवस्था बघा कारण तिथेच घोळ आहे. दोन कर्णे माडांना बांधलेले, दोन्हींची तोंडं प्रेक्षकांकडे आणि एक नंबर मैदानाकडे. माईक एकच, तो समालोचकाकडे, समालोचक एक नंबरच्या बाजूला. साऊंडवाला स्टेजच्या मागे, त्याच्या मोबाईलवर राष्ट्रगीताची फाइल, समालोचकाने हात वर केला की तो प्ले दाबणार. आणि जनरेटर दोन नंबर मैदानाच्या मागे, डाव्या कोपऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, कारण केबल तेवढीच पुरली.

पहिल्या संध्याकाळी सुरुवातीला लोक उभे राहत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत वडापावच्या गाडीवरचे उभे राहीनासे झाले (ते तसे उभेच होते पण पाठ करून), मागच्या कट्ट्यावरचे अर्धे उठायचे, म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायची की परत उठायचं का. कुणी अनादर करत होतं असं अजिबात नाही, पण दर पंचवीस मिनिटांनी उठायला लावलं तर माणूस दमतो. २३ सामने गुणिले ५२ सेकंद म्हणजे कागदावर जेमतेम वीस मिनिटं होतात, पण 'कृपया सर्वांनी उभे राहावे' म्हणणं, पोरांना गप्प करणं, परत बसणं हे धरलं तर प्रत्येक वेळी दोनेक मिनिटं जातात, आणि मैदानं दोन असल्यामुळे एकाचं राष्ट्रगीत हा दुसऱ्याच्या चालू खेळात खोडा. पहिले काही सामने योगायोगाने दोन्हीकडे एकदमच सुरू झाले म्हणून निभावलं. मग एका मैदानावर दुखापतीमुळे वेळ गेला आणि दोन्हीकडच्या वेळा सुटल्या.

नेमकं काय झालं

साधारण नऊचा सुमार, उपउपांत्यपूर्व फेरी. दोन नंबरवर आमच्याच गावचा संघ आणि शेजारच्या बंदरावरचा संघ, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं सुट्टी असा सामना, शेवटचं मिनिट, आमचा संघ एका गुणाने पुढे. बंदरवाल्यांचा चढाईपटू आमच्या अंगणात, बोनस रेषेच्या जरा अलीकडे, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू. त्याच वेळी एक नंबरवर पुढचा सामना लावायचा होता म्हणून समालोचकाने हात वर केला आणि साऊंडवाल्याने बटण दाबलं. घोषणा नाही काही नाही, कारण एक नंबरवरचे संघ आधीच ओळीत उभे होते, त्यांना सांगायची गरजच नव्हती.

'जन गण मन' ऐकू आलं तसा चढाईपटू जागच्या जागी ताठ. मध्यरक्षक ताठ, उजवा कोपरा (म्हणजे उजव्या कोपऱ्यावरचा गडी) ताठ. पंचांपैकी एक ताठ झाले, दुसऱ्यांच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली. आणि डावा कोपरा, जो जनरेटरच्या बाजूला होता, त्याने खाली वाकून घोटा धरला. एकदम क्लीन पकड, एरवी मैदान डोक्यावर घेतलं असतं. चढाईपटू आडवा पडला, कोपरा त्याच्या पायावर, बाकी सगळे सावधानमध्ये, आणि राष्ट्रगीत चालूच. कोपऱ्याने मान वर करून बघितलं तेव्हा त्याला कळलं. तो तसाच गुडघ्यावर उठला, मग उभा राहिला, हात कुठे ठेवायचे ते त्याला समजेना. चढाईपटूही उठला. दोघे एकमेकांना खेटून उभे, एकाच्या अंगावर दुसऱ्याची माती, 'जय हे' संपेपर्यंत.

संपल्यावर जी बोंब उठली ती सांगायला नको.

त्या रात्रीचा निर्णय

पहिला प्रश्न गुणाचा. आमच्या संघाचं म्हणणं, पकड झाली म्हणजे गुण झाला, शिट्टी वाजली नव्हती म्हणजे खेळ चालू होता. त्यात एकाने वकिली काढली की पकड सोडा, चढाईपटूने दम सोडला होता, तो गप्प उभा राहिला, दम तुटला की तो तसाही बाद. नियमाने बघितलं तर मुद्दा बरोबर होता आणि म्हणूनच जास्त टोचणारा होता, म्हणजे राष्ट्रगीताला गप्प उभा राहिला म्हणून बाद! बंदरवाल्यांचं म्हणणं, आमचा पोरगा मान देऊन थांबला आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, आम्हाला गुण द्या, नाहीतर आम्ही चाललो. त्यांचे दोन टेम्पो भरून लोक आले होते.

पंचांपुढे तीन रस्ते होते. निकाल तसाच ठेवायचा, फक्त ती चढाई परत घ्यायची, किंवा शेवटची पाच मिनिटं परत खेळवायची. पाच मिनिटांचा पर्याय दोन्ही संघांना चालला असता असं मला त्या वेळी वाटलं होतं, पण मुख्य पंच ठाम राहिले की ज्याला काही आधार नाही असा मधला मार्ग काढायचा नाही. कबड्डीच्या नियमात पंचांना ऑफिशियल टाइमआउट घेता येतो, दुखापत झाली, बाहेरून व्यत्यय आला, रेषा परत आखायची असली अशा वेळी. ते म्हणाले कर्णा हा बाहेरचा व्यत्यय आहे, म्हणजे वाजला त्या क्षणी टाइमआउट, त्यानंतरचं काही धरायचं नाही, पकड पण नाही आणि तुटलेला दम पण नाही. चढाई नव्याने, ३० सेकंद पूर्ण, घड्याळ मागे घेऊन.

हे माईकवरून सांगायच्या आधी त्यांनी दोन्ही कर्णधारांना मध्यरेषेवर बोलावून सांगितलं आणि आमच्या कर्णधाराला विचारलं की तुझी हरकत असेल तर लेखी दे, मी लिहून घेतो. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला खेळवा. मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो, पण तो कुठल्याच क्लिपमध्ये नाही.

परत घेतलेल्या चढाईत त्या पोराने एक गडी टिपला, बरोबरी झाली, पाच-पाच चढायांवर गेलं आणि आम्ही हरलो. बंदरवाले पुढच्याच फेरीत दणकून हरले, ते असो.

दुसऱ्या दिवशीची क्लिप

सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर एकोणीस सेकंदांची क्लिप. त्यात चढाईपटू ताठ उभा आणि कोपरा झेप घेतोय, मागे राष्ट्रगीत स्पष्ट ऐकू येतंय. खाली लिहिलेलं की बघा यांची देशभक्ती, गुणासाठी काय पण. क्लिप काढणारा स्टेजच्या बाजूला उभा होता, म्हणजे कर्ण्यासमोर, त्यामुळे क्लिपमध्ये राष्ट्रगीत मोठं आणि जनरेटर नाहीच. तोच व्हिडिओ दोन नंबरच्या मागून काढला असता तर नुसती धडधड ऐकू आली असती. दुपारपर्यंत क्लिप मुंबईत फिरून परत गावात आली आणि परत येताना कोपऱ्याचं नाव, वाडी आणि तो कुठल्या बोटीवर आहे ते पण चिकटून आलं.

पोरगा बोटीवर खलाशी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे आठवडे म्हणजे कमाईचे, त्यात तो सामन्यांसाठी दोन दिवस सुट्टी मागून आलेला. बोटीच्या मालकाचा फोन आला, तो म्हणाला त्याला आजच पाठवा, बोटीवर रेंज तरी नसते.

सगळे त्याच्याबद्दल बोलत होते पण त्याच्याशी बोललं कोण, तर आमचे निवृत्त पीटीचे गुरुजी. त्यांना त्याने सांगितलं, "गुरुजी, जनरेटराच्या आवाजात माका कायच ऐकाक येवक नाय. माका फक्त त्येचो पाय दिसलो." आणि गंमत म्हणजे बंदरवाल्यांचा चढाईपटू, ज्याला तोपर्यंत लोकांनी देशभक्त करून टाकलं होतं, त्याला विचारलं तर तो म्हणतो, "माका वाटला म्याचच थांबवल्यानी." म्हणजे एकाला ऐकू आलं नाही आणि दुसऱ्याला ऐकू आलं पण त्याचा अर्थ त्याने वेगळाच लावला, आणि ग्रुपवर मात्र एक द्रोही आणि एक हुतात्मा तयार.

समोर काय पर्याय होते

अंतिम सामना त्याच रात्री. दुपारी शाळेच्या वर्गात कमिटी बसली, मुंबईवाले, ग्रामीणवाले, गुरुजी, आणि गावातले एक वकील जे खरं तर आंबे घ्यायला आले होते.

एक गट म्हणत होता पोराने अंतिम सामन्याआधी स्टेजवर येऊन माफी मागावी, विषय संपेल. हा पर्याय सगळ्यात सोपा दिसत होता आणि बहुमत तिकडेच झुकत होतं. दुसरं कुणीतरी म्हणालं दोन वर्षांची बंदी घाला म्हणजे मंडळावर बोट नको. एकाने पोलिसांत आपणच तक्रार देऊया असंही सुचवलं, आपण दिली नाही तर दुसरा कोणी देईल आणि मग आपल्यावर येईल म्हणून. काहींचं म्हणणं काहीच करू नका, दोन दिवसांत लोक विसरतील. ही शेवटची सूचना वाटते तितकी वाईट नव्हती, पण त्या पोराचं नाव फिरत असताना गप्प बसणं म्हणजे तो दोषी आहे असं मान्य करणंच होतं.

वकिलांनी दोन-तीन गोष्टी सांगितल्या त्या इथे देतो कारण दुसऱ्या मंडळांना उपयोगी पडतील. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा १९७१ चा, त्याच्या कलम ३ मध्ये जो मुद्दाम राष्ट्रगीत गाण्याला अडथळा करतो किंवा गाणाऱ्या जमावात गडबड करतो त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यातला 'मुद्दाम' महत्त्वाचा. घोटा धरणाऱ्याचा हेतू पकड करायचा होता, राष्ट्रगीत थांबवायचा नव्हता. दुसरं, १९८६ चा सुप्रीम कोर्टाचा केरळमधल्या शाळेतल्या तीन मुलांचा निकाल, ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नव्हती, शाळेने काढून टाकलं होतं, कोर्टाने परत घ्यायला लावलं. म्हणजे आदर हा नुसत्या बाहेरच्या हालचालीवरून मोजायचा नसतो हे कोर्टाने तेव्हाच बघितलेलं आहे. मध्येच एकजण म्हणाला पण थिएटरमध्ये सक्ती आहे ना, तर ते पण क्लिअर झालं की ३० नोव्हेंबर २०१६ ला सक्तीचा आदेश आला होता आणि ९ जानेवारी २०१८ ला कोर्टानेच तो बदलून लावायचं की नाही ते ऐच्छिक केलं. लावलं तर मात्र उभं राहायचं. आणि गृह मंत्रालयाच्या सूचनांमध्ये असं कुठेही नाही की गावच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याआधी लावलंच पाहिजे. गायला हरकत नाही, मान राखून गावं, एवढंच.

'ही जगभरची परंपरा आहे' असाही मुद्दा आला. परंपरा आहेच पण ती बघितली तर वेगळीच निघते. १९०५ च्या डिसेंबरमध्ये कार्डिफला वेल्स आणि न्यूझीलंडचा रग्बी सामना होता, न्यूझीलंडवाल्यांनी हाका (सामन्याआधीचा त्यांचा माओरी नाच) केला आणि त्याला उत्तर म्हणून वेल्सचे खेळाडू आणि मग अख्खं मैदान आपलं गीत गायला लागलं. अमेरिकेत १९१८ च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोला बँडने सातव्या डावाच्या मधल्या सुट्टीत त्यांचं गीत वाजवलं, पहिलं महायुद्ध चालू होतं, लोक गाऊ लागले. ते गीत अधिकृत राष्ट्रगीत व्हायला पुढे १९३१ उजाडलं. दोन्हीकडे लोकांनी स्वतः तोंड उघडलं होतं आणि त्या क्षणी खेळ चालू नव्हता. आमच्याकडे लोक गप्प आणि खेळ चालू.

मीटिंगमध्ये खरा फरक गुरुजींच्या एका वाक्याने पडला. माफीवर हात वर करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "पोराक माफी मागूक सांगतास, पन बटण कोणी दाबल्यान?" त्यावर साऊंडवाला म्हणाला मला समालोचकाने हात केला, समालोचक म्हणाले मला दोन नंबरवर काय चाललंय ते दिसतच नव्हतं, आणि तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं की ही साखळी शेवटी त्या मीटिंगमधल्या ठरावापर्यंत जाते, पोरापर्यंत जात नाही.

काय केलं

माफी रद्द, बंदी रद्द, तक्रार रद्द. ठरलं ते असं की अंतिम सामन्याआधी अध्यक्षांनी स्वतः माईकवरून सांगायचं की काल दोन नंबरवर चढाई चालू असताना आयोजकांकडून राष्ट्रगीत लावलं गेलं, पूर्वसूचना नव्हती, त्यात कुठल्याही खेळाडूचा दोष नाही. पोराचं नाव घ्यायचं नाही. त्याला स्टेजवर बोलवायचं नाही, सत्कारासाठी पण नाही (ही आयडिया पण आली होती, दोघांना एकत्र उभं करून शाल-श्रीफळ द्यायची. गुरुजींनी हाणून पाडली, म्हणाले त्याला घरी जेवू दे).

त्याच रात्री प्रत्येक सामन्याआधीचं राष्ट्रगीत बंद केलं. अंतिम सामन्याआधी एकदाच, दोन नंबर मैदान रिकामं करून. पण अंतिम सामना सुरू व्हायला अकरा वाजून गेले आणि दहानंतर कर्णे बंद. म्हणजे फाइल लावायचा प्रश्नच मिटला. तेव्हा पंचांनी दोन्ही संघ मध्यरेषेवर घेतले, लांब शिट्टी दिली, हायस्कूलच्या ज्या मुली अजून जाग्या होत्या त्यांना पुढे घेतलं, पेटी तर दुपारीच बाई घरी घेऊन गेलेल्या. मुलींनी उचललं ते जरा वरच्याच पट्टीत, त्यामुळे शेवटाकडे पहिल्या 'जय हे'ला वर चढताना पुरुषांचे आवाज फाटले, अर्धे लोक पुढे, अर्धे मागे, ५२ सेकंदांत तर नक्कीच बसलं नाही. पण वडापाववालासुद्धा झारा खाली ठेवून गात होता. त्या दोन रात्रींत लोकांनी स्वतः गायलेलं राष्ट्रगीत म्हणजे उद्घाटनाचं आणि हे, बाकी सगळ्या वेळा मोबाईल गात होता. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला आमच्या लोकांना कधी सांगावं लागत नाही, कारण समोर माणूस असतो आणि त्याला उत्तर द्यायचं असतं. फाइलला उत्तर कोण देणार.

निष्पन्न

सगळं छान झालं असं म्हणता येणार नाही. अध्यक्षांच्या निवेदनाची क्लिप कुणी फिरवली नाही, आधीची अजून फिरते. मुंबईचे दोघे ग्रुप सोडून गेले, त्यांना वाटतं मंडळाने कच खाल्ली. एका देणगीदाराने पुढच्या वर्षी हात आखडता घेतला, कारण त्याने सांगितलं नाही पण सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांत कुणीच गेलं नाही. बंदरवाले पुढच्या वर्षी आले, तेच दोन टेम्पो घेऊन. आमचा कोपरा त्या वर्षी पुढे कुठल्या स्पर्धेत उतरला नाही, पुढच्या वर्षी उतरला, आणि पहिल्या सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी 'सावधान!' ओरडलं तेव्हा तो हसला पण दोन चढाया त्याने पकडीला हातच घातला नाही.

पुढच्या वर्षापासून नियम असा: राष्ट्रगीत दोनदा, उद्घाटनाला आणि अंतिम सामन्याला, दोन्ही वेळा माणसांनी म्हणायचं. त्या वेळी दोन्ही मैदानं रिकामी, दोन्हीकडच्या मुख्य पंचांनी हात वर केल्याशिवाय सुरुवात नाही, त्याआधी दोन मिनिटं माईकवर सूचना. ज्याला उभं राहणं जमत नाही त्याच्याकडे बघत बसायचं नाही, हे पण सूचनेत सांगतात. जनरेटर शाळेच्या पलीकडे नेला, केबल नवीन घेतली, आणि खर्चाच्या हिशोबात सगळ्यात जास्त वाद त्या केबलवरून झाला.

वेगळं काय करता आलं असतं

ठराव पास करताना एकाने जरी मैदानाचा नकाशा काढून विचारलं असतं की हे नक्की कधी आणि कुठून वाजणार तर बाकी काही घडलंच नसतं. मोठ्या लोकांचंही होतं म्हणा, फेब्रुवारी २०२५ मध्ये लाहोरला चॅम्पियन्स ट्रॉफीत ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सामन्याआधी चुकून क्षणभर भारताचं राष्ट्रगीत लागलं होतं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया कपला पाकिस्तानच्या राष्ट्रगीताच्या जागी भलतंच गाणं लागलं. तिथे एवढी यंत्रणा असून. राष्ट्रगीत फाइल म्हणून रांगेत टाकलं की ते इतर फाइलींसारखंच चुकतं.

दुसरं, पंचांनी पहिल्या सुरावर शिट्टी मारायला हवी होती. ते स्वतः सावधानमध्ये गेले, हे समजण्यासारखं आहे, पण शिट्टी तोंडात होती आणि एक शिट्टी म्हणजे खेळ थांबला हे कोपऱ्याला जनरेटरमधूनही कळलं असतं. आता पंचांना हे आधीच सांगितलं जातं, बाहेरून काहीही वाजलं तर आधी शिट्टी, मग काय ते.

क्लिपच्या बाबतीत कमिटीने सकाळीच दोन ओळी टाकायला हव्या होत्या असं माझं मत, दुपारच्या मीटिंगपर्यंत थांबायला नको होतं. काहींना हे पटत नाही, ते म्हणतात सकाळी टाकलं असतं तर घाईत माफीच टाकली असती. त्यातही तथ्य आहे, कारण सकाळी गुरुजी ग्रुपवर नव्हते, त्यांच्याकडे साधा फोन आहे. आणि क्लिप काढणाऱ्याशी कुणीच बोललं नाही. तो गावचाच आहे, त्याला बोलावून पूर्ण व्हिडिओ मागितला असता तर त्यात नंतर दोघे खेटून उभे राहिलेले पण दिसले असते.

तसं एक प्रकरण अजून उघडंच आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ च्या शिवजयंतीपासून राज्यगीत झालंय, तर यंदा मुंबईच्या मीटिंगमध्ये मागणी आली की राष्ट्रगीताच्या जोडीला तेही घ्यावं, आणि गाणं पल्लेदार आहे तर ओरिजिनल रेकॉर्डिंगच लावावं कारण मुलींना झेपणार नाही. ग्रामीणवाल्यांनी उलट विचारलंय की कर्ण्यांची तोंडं कुठे असणार आणि हात कोण वर करणार. गणपतीत सगळे गावात असतील तेव्हा बसायचं ठरलंय.